कंपाउंड सात फुटांचं घालू का?

वाचकाचं पत्र

नमस्कार,

मिरजेत महापालिका हद्दीत, मंजूर लेआउटमध्ये आमचं घर आहे. प्लॉट चाळीस बाय साठचा, कोपऱ्यावरचा. १९९६ साली घर बांधलं तेव्हा लोखंडी अँगल रोवून काटेरी तार मारली आणि आतून मेंदी लावली. आता अँगल गंजलेत, मेंदीत भगदाडं पडलीत. रात्री कुत्री शिरतात. मध्यंतरी बोअरच्या मोटारीची केबल कुणीतरी कापून नेली. हे गेल्यापासून मी एकटीच असते, मुलगा पुण्याला. तो म्हणतो, सात फुटी पक्कं कंपाउंड घालून टाक, पैसे मी देतो.

गवंडी म्हणतो, कंपाउंडला कसली आलीय परवानगी. धाकटे दीर म्हणतात, शनिवार-रविवार गाठून उरकून घ्या, सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत भिंत उभी. शेजारी मात्र आतापासूनच अडून बसलेत. त्यांनी २०१२ मध्ये शेजारचा मोकळा प्लॉट घेऊन घर बांधलं. तुमची तार आमच्यात दोन फूट आहे, भिंत घातली तर स्वयंपाकघराच्या खिडकीचा उजेड जाईल, कोर्टात जाईन, असं म्हणतात. तारेच्या रेषेवरच एक कडुनिंब आहे, तो काढावा लागेल म्हणे. आणि नणंदबाई म्हणतात, ईशान्येला उंच भिंत घातलीस तर वास्तुदोष.

जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, पण ही आकृती काही सुटेना. काय करू?

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज

सल्ला

नमस्कार बाई,

मुलाचे सात फूट तुम्हाला बऱ्याच लांबीवर मिळतील, कोपऱ्यावर मिळणार नाहीत. ते कसं ते सांगतोच. पण तुमच्या पत्रातली खरी अडचण उंचीची नाही, शेजाऱ्यांच्या त्या दोन फुटांची आहे. भिंत उंचीला चुकली तर वरचे चार थर उतरवता येतात. जागेला चुकली तर पायासकट काढावी लागते, आणि तोवर मधली कितीतरी वर्षं तारखांवर जातात. म्हणून भिंत कुठल्या रेषेवर उभी राहणार हे कागदावर येईपर्यंत विटांची ऑर्डर देऊ नका.

आधी तुमच्या दिरांचा सल्ला निकालात काढू. शनिवार-रविवारचा मुहूर्त आपल्याकडे इतका सगळ्यांना ठाऊक झालाय की शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या दारात वाळू पडली की शेजारी फोन चार्ज करून ठेवतात. सोमवारी ऑफिस उघडलं म्हणून भिंत पक्की होत नाही. फोटोसकट तक्रार जाते, जागेवर पंचनामा होतो, नोटीस निघते. विनापरवाना काम पाडायला लावण्याचा अधिकार महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली आहे, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खालीही आहे. या दुसऱ्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड लिहिलेला आहे. कंपाउंडपायी निवृत्त बाईंना कुणी तुरुंगात पाठवायला निघत नाही, हे मलाही कळतं. पण ती नोटीस उद्या शेजाऱ्यांच्या दाव्याला जोडली जाईल. न्यायाधीशांसमोर पहिल्याच तारखेला तुम्ही लपूनछपून बांधणाऱ्या ठराल, त्याचं काय?

गवंड्याचं म्हणणंही फारसं टिकत नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या व्याख्येत इमारत म्हणून जे धरलंय त्यात घर, गोठा, शेड यांच्या जोडीला कंपाउंडच्या भिंती आणि इतर कुंपण नाव घेऊन घातलेलं आहे. मापात बसणाऱ्या साध्या भिंतीसाठी कुठल्या महापालिकेत किती कागद मागतात, यात फरक पडतो. पण तुम्हाला हवी तशी पाच फुटांच्या वर जाणारी भिंत असेल तर वरच्या भागाचं डिझाइन मान्य करून घ्यावं लागतं, असं नियमच सांगतो. म्हणजे अर्ज आलाच.

आता रेषेकडे येऊ. तुम्ही १९९६ मध्ये तार कुठं मारली? बहुतेक लेआउट पाडणाऱ्याच्या माणसानं टेप धरून दाखवली तिथं. त्या काळात असंच चालायचं. आणि लेआउटमध्ये एका टोकाला फूटभर चूक झाली की अख्खी ओळच सरकते. प्रत्येकाला वाटतं शेजाऱ्यानं आपलं खाल्लं, आणि खाल्लेलं कुणीच नसतं. त्यामुळे शेजारी खोटं बोलताहेत असं धरून चालू नका. तुम्ही खोट्या आहात असंही नाही. तुमच्यापैकी कुणाकडेच आज मोजणीचा कागद नाही, एवढंच.

तो कागद भूमी अभिलेख खात्याकडून मिळतो. ई-मोजणीवरून ऑनलाइन अर्ज करता येतो. तुमचा भाग सिटी सर्व्हेत गेला असेल तर मालमत्ता पत्रक, नसेल तर सातबारा, सोबत मंजूर लेआउटची प्रत, आणि चलनानं फी. घाईची मोजणी हवी तर फी जास्त पडते. तुम्हाला घाई नाही, साधीच मागा. तारीख ठरली की लगतच्या धारकांना नोटीस जाते. इथं एक गोष्ट जरूर करा: ती नोटीस शेजाऱ्यांच्या हातात पडायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा की मोजणी मागवली आहे, त्या दिवशी घरी थांबा, तुमच्या डोळ्यांदेखत होऊ दे. सरकारी नोटीस आधी आली की माणूस थेट वकिलाकडे जातो.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक येतील, हद्दी दाखवतील, खुणा करतील. त्या खुणांवर लगेच सिमेंटचे खुंट घालून घ्या, कारण चुन्याची फक्की आठवडाभरही टिकत नाही. खुणांचे फोटो काढा, त्यात घराचा कोपरा किंवा विजेचा खांब दिसेल असे. नंतर मोजणीचा नकाशा मिळतो, त्याला 'क प्रत' म्हणतात. त्यात अभिलेखाप्रमाणे हद्द कुठं आहे आणि प्रत्यक्ष वहिवाट कुठं आहे हे वेगवेगळं दिसतं. तुमच्या दोन फुटांचा निकाल या दोन रेषांमधल्या अंतरात आहे. भूमिती शिकवणाऱ्या माणसाला तो नकाशा वाचायला दुसऱ्या कुणाची गरज पडू नये. शेजाऱ्यांना मोजणी मान्य नसेल तर ते निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्यांकडून फेरमोजणी, मागू शकतात, तीही पटली नाही तर त्याच्याही वरची सुपर निमताना. मागू देत. त्यात वेळ जाईल, पण हा वेळ भिंत बांधायच्या आधी गेलेला बरा.

समजा तार खरंच त्यांच्या बाजूला दोन फूट निघाली. मग दीर म्हणतील, बारा वर्षांच्या वर कब्जा आहे, आपलीच झाली. कायद्यात बारा वर्षांची गोष्ट आहे, मुदतीच्या कायद्यात, १९६३ च्या. पण नुसती तार जुनी असून भागत नाही. समोरच्याच्या मालकीला उघड आव्हान देऊन, सलग, त्याच्या माहितीत तो कब्जा होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चुकून पुढे गेलेल्या तारेचं तसं सिद्ध करणं फार अवघड. दोन फूट गुणिले साठ फूट, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. तेवढ्यासाठी मुलाला पुण्याहून तारखांना बोलावणार आहात का? माझं मत विचाराल तर रेषेवर या आणि मोकळ्या व्हा. उलट निघालं, म्हणजे त्यांचंच काही तुमच्यात असलं, तरी इंचा-दोन इंचांवर हट्ट धरू नका. मोजणीतही थोडंफार इकडेतिकडे होतं.

उंचीचा नियम आता बघू. मुंबई, काही गिरिस्थानं आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली लागू आहे, एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. ऑफिसात सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, लवकर समजतं. तिच्यात कंपाउंडची भिंत जास्तीत जास्त दीड मीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. मात्र वरचा ०.९ मीटर भाग उघडा ठेवलात, जाळी किंवा रेलिंगचा, आणि त्याचं डिझाइन मान्य करून घेतलंत, तर एकूण २.४ मीटरपर्यंत जाता येतं. आठ फुटांना दीड इंच कमी. तुमच्या मुलाचे सात फूट यात आरामात बसतात: खाली पाच फूट वीट, वर दोन फूट ग्रिल. ग्रिलला मागून पत्रा किंवा हिरवं फायबर मारू नका. ते मारलंत की भाग उघडा राहत नाही, आणि तपासायला आलेला माणूस पहिलं तेच टिपतो.

आणि हे मोजायचं कुठून? इथं बहुतेक गवंडी चुकतात. ते अंगणातून टेप लावतात. नियम म्हणतो, समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून वर. तुमच्याकडे रस्ता १९९६ नंतर किती वेळा झाला असेल? खडी, डांबर, त्यावर पुन्हा डांबर. जुन्या लेआउटमधून रस्ता वर आणि अंगणं खाली अशी स्थिती जागोजाग झालीय. तुमचं अंगण रस्त्याच्या मध्यापेक्षा फूटभर खाली गेलं असेल, तर रस्त्यावरून पाच फुटांची भरणारी भिंत आतून सहा फुटांची होते, आणि वरच्या दोन फुटी ग्रिलसकट तुमच्या बाजूनं आठ फूट. गवंड्याला रस्त्याच्या मधोमध एक पातळी धरायला लावा. पारदर्शक नळीत पाणी भरून तो ती पाच मिनिटांत धरेल. मग तीच पातळी कंपाउंडभर फिरवा.

कोपऱ्याचं गणित कडक आहे, आणि माझ्या मते बरोबरही आहे. कोपऱ्याच्या प्लॉटला रस्ते मिळतात तिथून दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर लांबीत पक्की भिंत ०.७५ मीटरच, म्हणजे अडीच फूट. त्यावर आणखी ०.७५ मीटर घालता येतं, पण आरपार दिसणाऱ्या रेलिंगचं. एकूण पाच फूटच झाले, फक्त अर्धे उघडे. कारण उघड आहे: वळणावर स्कूटीवरची मुलगी आणि उजवीकडून येणारा टेम्पो यांना एकमेकांची चाहूल लागायला हवी. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. तुमची चाळीस फुटांची पुढची बाजू धरली तर तेहतीस फूट ठेंगणी आणि राहतात फक्त सात. साठ फुटांच्या रस्त्याकडच्या बाजूला तेहतीस ठेंगणी, सत्तावीस फूट उंच. शेजाऱ्यांकडची साठ आणि मागची चाळीस, या दोन बाजूंना पाच अधिक दोन घाला, अडचण नाही. गाडीचं गेट पुढे त्या सात फुटांत बसणार नाही. ते बाजूच्या रस्त्याकडे, सत्तावीस फुटांच्या तुकड्यात घेतलंत तर सोयीचं पडेल. गेट कुठंही घ्या, ते पूर्ण आत उघडलं पाहिजे. रस्त्यावर उघडणारं गेट नियमात बसत नाही, आणि गल्लीत शिव्या खातं ते वेगळंच.

नणंदबाईंना सांगा, काळजी नको. तुमचा कोपरा ईशान्येचा असेल तर तिथं भिंत ठेंगणी ठेवायला महापालिकाच सांगतेय. वास्तुवाले आणि नगररचनावाले एका गोष्टीवर सहमत झाल्याचं असं उदाहरण सहजी सापडायचं नाही.

मेंदीही त्या कोपऱ्यावर अडीच फुटांवर छाटून ठेवा. भिंत ठेंगणी आणि तिच्यामागे सहा फूट मेंदी, असं करून नियमाला बगल देणारे आहेत. वळणावर अपघात झाला की ती मेंदी कुणाची, हा प्रश्न येतोच.

सुरक्षेसाठी म्हणून बंद सात फुटी भिंत हवी, हे मला तितकंसं पटत नाही. एकदा चोर आत आला की बंद भिंत त्याच्याच उपयोगाची. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतलं काही दिसत नाही. वर ग्रिल, आत एक दिवा, आणि मोटारीची केबल जीआय पाइपातून घेतलेली, याचा उपयोग जास्त. भिंतीवर काचांचे तुकडे लावायचा विचार असेल तर सोडून द्या. सराईत माणूस वर पोतं टाकून येतो, आणि हात कापतो तो चेंडू आणायला चढलेल्या पोराचा. तारेत वीज सोडायची कुणी गंमतीनंही सुचवली तर त्याला घरात घेऊ नका. त्यात माणूस गेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं.

उजेडाच्या धमकीचं काय? भारतीय सुखाधिकार अधिनियम १८८२ चा. त्याच्या कलम १५ प्रमाणे खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्याचा असा हक्क मिळवायला वीस वर्षं तो बिनतक्रार, अखंड उपभोगलेला असावा लागतो. त्यांनी घर २०१२ मध्ये घेतलेल्या मोकळ्या प्लॉटवर बांधलं. म्हणजे २०३२ च्या आत वीस वर्षं भरत नाहीत. कोर्टात हा मुद्दा त्यांना जड जाईल. पण हे त्यांच्या तोंडावर बोलून दाखवू नका, कारण खरं तर त्याची गरजच पडणार नाही. हिशेब करून बघा. त्यांच्या घराचं जोतं दोन फुटांचं धरा. स्वयंपाकघराची खिडकी ओट्याच्या वर, म्हणजे आतून साधारण साडेतीन फुटांवर. खिडकीचा खालचा काठ जमिनीपासून साडेपाच फुटांवर आला. तुमची वीट पाच फुटांवर थांबते आणि वर ग्रिल आहे. उजेड कुठं अडला? हे तोंडी सांगण्यापेक्षा एक बांबू घेऊन जा, त्यावर पाच फुटांवर आणि सात फुटांवर रंगीत दोरी बांधा, आणि त्यांना त्यांच्याच ओट्यापाशी उभं करून बाहेर बांबू धरायला मुलाला सांगा. जमीन खालीवर असेल तर आकडे थोडे बदलतील; म्हणून बांबूच न्या, कागद नको.

हे सगळं मी शेजारधर्म म्हणून सांगत नाही. कामच तसं आहे. भिंतीच्या त्यांच्याकडच्या अंगाला गिलावा करायला तुमच्या गवंड्याला त्यांच्या अंगणात उभं राहावं लागणार. त्यांनी पाय ठेवू दिला नाही तर ती बाजू जन्मभर उघड्या विटांची राहते, पावसात भिजते, आणि ओल तुमच्याकडे फुटते.

पाया त्याहून महत्त्वाचा. भिंत सहा किंवा नऊ इंचांची असते, पण खालचा पाया दोन-अडीच फूट रुंद. भिंतीचं बाहेरचं अंग बरोबर हद्दीवर धरलंत आणि पाया मधोमध घातलात, तर जमिनीखाली तुम्ही शेजाऱ्यांच्यात नऊ-दहा इंच गेलात. वरून कुणाला दिसत नाही, पण उद्या त्यांनी तिथं टाकीसाठी खोदलं की दिसतं. एक तर भिंत तेवढी आत घ्या, नाही तर इंजिनिअरकडून एका बाजूला सरकवलेला पाया काढून घ्या. तिसरी वाट म्हणजे दोघांनी मिळून हद्दीवर सामाईक भिंत घालायची, खर्च निम्मा-निम्मा. तसं ठरलं तर ५०० रुपयांच्या मुद्रांकावर लिहून घ्या: जाडी कुणाच्या बाजूला किती, दुरुस्ती कुणी करायची, वर काही चढवायचं तर दोघांची संमती. तोंडी सामाईक भिंत पुढच्या पिढीत हमखास भांडणाला कारण होते.

मिरज भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि उथळ पायावरचं कंपाउंड दोन-तीन वर्षांत जिन्यासारख्या तिरक्या चिरा दाखवतं. मुरूम लागेपर्यंत खोदायला लावा, दर आठ-दहा फुटांवर पिलर, खाली पट्टा. गवंडी म्हणेल एवढं कशाला, कंपाउंडच तर आहे. ऐकू नका. भिंतीच्या माथ्याचा उतार तुमच्या अंगणाकडे ठेवा, पावसाचं पाणी त्यांच्याकडे पडायला नको. तळाशी पाणी निघायला भोकं ठेवा, नाही तर अंगण रस्त्याच्या खाली असलं तर पहिल्याच वळवाला आत तळं साचेल. ही भोकं रस्त्याकडच्या गटाराच्या बाजूला हवीत, शेजाऱ्यांच्या बाजूला नकोत.

कडुनिंब काढू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे, आणि शहरात स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. भिंतीसाठी झाड पाडायचं काही कारणही नाही. झाडाच्या दोन्ही बाजूंना पिलर घ्या, मुळांच्या वरून बीम न्या, आणि खोडापाशी विटेऐवजी ग्रिल ठेवा. खोडाला वाढायला चारी बाजूंनी जागा सोडा, नाही तर तेच भिंत फोडेल.

अर्ज परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फत नगररचना विभागाकडे, ऑनलाइन. मालकीचा कागद, मोजणीची क प्रत, लेआउट, घराचा जुना मंजूर नकाशा, घरपट्टी भरल्याची पावती, आणि भिंतीचं रेखाचित्र, त्यात कोपऱ्याचे दहा-दहा मीटर वेगळे दाखवलेले. घराचा जुना नकाशा आधी ट्रंकेतून शोधून काढा. त्यात कंपाउंडची रेषा आखलेली असू शकते, तिचा आधार होतो. त्याच फेरीत विकास आराखड्याचा भाग नकाशा मागून घ्या. बाजूचा रस्ता रुंद व्हायचा असेल तर नवी भिंत त्या रेषेच्या आत हवी, पाडण्यासाठी बांधण्यात अर्थ नाही. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं, अशी तरतूद नगररचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये आहे. पण काम नियमात बसत असेल तरच. त्या तरतुदीवर विसंबून साठाव्या दिवशी पाया खोदायला घेऊ नका. लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा करा.

गावाकडच्या वाचकांसाठी दोन शब्द. ग्रामपंचायत हद्दीत बांधकामाची परवानगी आणि रस्त्यावरचं अतिक्रमण या दोन्ही गोष्टी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ आणि ५३ मध्ये येतात, आणि गावठाणातल्या रस्त्यावर सरकवलेली भिंत, वई किंवा खांबसुद्धा त्या ५३ मध्ये धरतात. कोकणातल्या गडग्यालाही, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणालाही, ते लागू. मोजणीचा सल्ला तर तिथं दुपटीनं लागू, कारण गडगा दर पावसाळ्यानंतर रचताना थोडा थोडा पुढे सरकतो, आणि तो कुणी सरकवला हे कुणालाच आठवत नाही.

बाई, मोजणीचा अर्ज आत्ता करून ठेवा. क प्रत, मग नगररचनेची मान्यता, असं होईपर्यंत पावसाळा सरेल, आणि काळ्या मातीत पाया खोदायला दिवाळीनंतरचे दिवसच चांगले. इतकं होऊनही शेजारी कोर्टाचं नाव घेत असतील तर ओळखीच्या वकिलांकडून दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय कामाला मनाई मिळणार नाही. कॅव्हेटची मुदत ९० दिवसांची असते, म्हणून ते आजच नको. मान्यता हातात आली आणि विटा सांगायची वेळ झाली की करा.